आपा, तुमचा ओळखीचा तास

प्रिय जुबेदाआपा,

उद्या शनिवार, म्हणून लिहून राह्यली. मधली सुट्टी आहे. स्टाफरूममध्ये तुमच्या खुर्चीवर कोणी बसत नाही, आणि मले आजच हेडसरांना जवाब द्याचा आहे.

असं कोणी जाते का हो? पंधरा दिवसांमागं बुधवारी मेडशीच्या स्टँडवर माझ्यासोबत एसटीची वाट पाहून राह्यल्या होत्या, हरभऱ्याचे घाटे फोडून मले देत होत्या, अन् गुरुवारी तुमच्या घरापुढं चपलांचा ढीग! छातीत दुखते, एवढं तरी बोलाचं.

तुमची भावजय माझ्या गळ्यात पडून रडली. मी भिंतीवरचं घड्याळ पाहत राह्यली. दात काढाच्या आधी सुई दिल्यावर गाल बधिर होते ना, तसं सारंच झालं. अजून उतरलं नाही.

हेडसरांनी तुमचा कवितेचा तास मले दिला. गणितवालीले! "जमत नसन तर सांगा, परीक्षेच्या सरावाले घेऊन टाकू," म्हणाले. किती भांडून राखला होता तुमी हा तास! आवडत्या कवितेची ओळख करून द्याची, घरी आलेल्या पाहुण्याची देतो तशी. कुठची, कोणासंगं आली, आपली कोण लागते. मग म्हणून दाखवाची. शिकवणाऱ्या बाईनंही, तिची सुटका नाही.

गेल्या शनिवारी गेली मी वर्गात. किन्हीराजा गावची अश्विनी उभी राह्यली, अन् मी पह्यलाच प्रश्न काय टाकला? "या कवितेचा अर्थ काय?" सारा वर्ग माझ्या तोंडाकडं पाहू लागला.

"मॅडम," अश्विनी म्हणे, "आपा मॅडम म्हनत, पाहुन्याले दारातच पगार नाही इचारत."

घ्या! गेल्यावरही माझे कान उपटता?

मग तिनं ओळख करून दिली. "हे पाखराची कविता. माह्या आजीची पाहुनी हाये. आजीले वाचता येत नाही. मी म्हनते, ते भाकरी थापता थापता आयकते. येखादी ओळ सुटली, तं थांबते अन् म्हनते, पोरी, येक घास राह्यला."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मले काहीच झालं नाही, आपा. छान सांगितलं, एवढं कळलं. मार्क देता आले असते. मग सारे म्हणाले, "आता तुमची!" पुढच्या शनिवारी, म्हटलं.

आठवडाभर तुमच्या कपाटातली पुस्तकं चाळली. वाचते, पण आत काही जात नाही. तुमचा राग येते, तोही अर्धामुर्धा. मले तयार न करताच काहून गेल्या?

आत्ता लिहिता लिहिता पाणी प्याले उठली, तर व्हरांड्यात अश्विनीनं गाठलं. "मॅडम, उद्या तास हाये ना? आजी येनार हाये एसटीनं. तिले बी एका कवितेची ओळख करून द्याची हाये. आपा मॅडमनं तिले बलावलं होतं."

मले सांगितलं का कधी हे? काय म्हणू त्या म्हातारीले, वर्ग बंद झाला?

हेडसरांना सांगून आली. तास राहील. माझ्याजवळ सध्या कविता नाही, हे उद्या पोरांना खरं सांगून टाकीन अन् आजीशेजारी बाकावर बसून ऐकीन. तुमच्यासाठी अजून एक टिपूस आलं नाही डोळ्यातून. आलं, तर तिथंच येईल, साऱ्या वर्गासमोर. पदर लावणार नाही, हा शब्द देते.

तुमची,
मंदा गणितवाली