ट्रक दाराशी लागायच्या आधी

बाबा,

जे झालं ते आधी क्रमानं लिहिते.

१. धाकटा गेला. वर डोंगरात लढाई चालू आहे. तो रसदीचा ट्रक चालवत होता. रस्त्यावर गोळा पडला.

२. शनिवारी सकाळी त्याला घरी आणतील. दारातून ग्वारीघाटाला, नर्मदेवरच्या स्मशानात नेतील.

३. त्याची गाडी फौजेची असेल. तिच्यापुढे मोहल्ल्याचा ट्रक राहील, गाणी आणि घोषणांसाठी. मोहल्ल्यातलेच एक ठेकेदार आहेत, त्यांनी तो दिला आहे.

४. त्या ट्रकात साउंड सिस्टीम मी बसवली. चालते.

५. आईला दारात आवाज नको आहे.

मला तुम्हाला विचारायचं आहे ते पाचव्याबद्दल. पण ते कळायला तुम्ही गेलात तो दिवस सांगावा लागेल, कारण तो तुम्हाला माहीत नाही. तुमच्या ट्रकच्या कारखान्यातला माणूस गेला की कारखान्याचाच ट्रक न्यायला येतो, ही तेव्हाची रीत. तसा तुमच्यासाठी आला. मी नववीत होते. गल्ली अरुंद, म्हणून ट्रक उलटा घेत घेत दाराशी लावला, आणि ड्रायव्हरच्या केबिनमध्ये टेप चालू राहिला. सिनेमातलं गाणं होतं, लग्नातलं, आनंदाचं. त्यानं मुद्दाम नाही केलं. उलटी गाडी घेताना त्याचं लक्ष आरशात होतं, पुढं तो विसरला. आई म्हणाली, "भैया, बंद करा ते." इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. तुम्हाला वर ठेवलं, पुरुष चढले, ट्रक निघाला. आमच्यात बाया घाटावर जात नाहीत, त्यामुळे आई आणि मी उंबऱ्याशी उभ्या होतो, आणि वळणापर्यंत ते गाणं ऐकू येत राहिलं. धाकटा तुमच्याजवळ वर बसला होता. तो लहान होता, पण मुलगा होता.

परवा बातमी आली तेव्हा आई रडली नाही. मी चहा ठेवला, तो तिनं घेतला. मग कपबशी मोरीत ठेवून आली आणि म्हणाली, "तुझ्या बाबांचं तोंड आठवायला बसते न, तर ते गाणंच येते. इतके वर्ष झाले. दुसरं काही येतच नाही. पोराचं तरी मला काही आठवू दे. दारात गाणं नको लागू देऊ, एवढं बघ तू." माझ्याकडे ती कधी काही मागत नाही. हे मागितलं.

मी ठेकेदारांकडे गेले आणि तोंडानं सांगितलं. ते चांगले आहेत. बर्फाची सोय त्यांनी केली, मंडप त्यांनी घातला, आमच्या दारात खुर्च्याही त्यांच्याच आहेत. मला म्हणाले, "बिटिया, माताजी का दुख हम समझते हैं. पर अब वो अकेले आपका नहीं है न, पूरे शहर का है. दरवाज़े पे ही तो सब लोग आएँगे. वहाँ चुप रहेंगे तो अच्छा लगेगा?" मग माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "सिस्टम तुम ही लगा दोगी? घर की लड़की लगाएगी तो बात ही अलग है." सदर बाजारात साउंडच्या ज्या दुकानात मी डिप्लोमानंतर काम करते, तिथून सगळं सामान त्यांनी भाड्यानं घेतलंच होतं. मी हो म्हटलं.

कॅसेटचा डेक मात्र दुकानातला नाही. तो धाकट्याचा आहे. मागच्या सुट्टीत त्यानं आणला होता, खोक्यासकट, आणि स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवला. फौजेतून सुटल्यावर लिलावातला ट्रक घ्यायचा, त्यात तो लावायचा, असा बेत. आई हसली होती. "ट्रकचा पत्ता नाही अन् टेप आधी!" तो म्हणाला, "आई, ट्रक तर कारखाना बनवूनच राहिला. त्याची काय काळजी?" आणि मला म्हणाला, "ताई, तू बसवून दे. पण आवाज असा पाहिजे, का आरसा थरथरला पाहिजे. तुझ्यासारखा हळू बोलणारा टेप नको मला." मी म्हटलं, "कान जातील." तो म्हणाला, "चालते. तसंही तुम्ही दोघी मला काही सांगत नाही."

दहावीनंतर तो भरतीला गेला, तेव्हा मी बारावी करून पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला होते. घरात याबद्दल चर्चा झाली नाही. तो म्हणाला, "तू शीक, मी चालवतो," आणि गेला.

आता कामाबद्दल. ट्रक तुमच्याच कारखान्यातला आहे, फौजेच्या लिलावात निघालेला. चोवीस व्होल्टचा, दोन बॅटऱ्या एकामागे एक. डेक आणि अॅम्प्लिफायर बारा व्होल्टचे. ठेकेदारांचा ड्रायव्हर म्हणाला, "दीदी, एक ही बैटरी से ले लो न, सब ऐसे ही करते हैं." सगळे तसंच करतात, हे खरं आहे. तुम्ही मला शेजारच्यांचा ट्रक दाखवला होता, त्यात तसंच केलं होतं. एक बॅटरी रिकामी होत जाते आणि दुसरी भरलेली असताना भरत राहते, शेवटी उकळते. मी म्हटलं होतं, पण वाजतंय ना? तुम्ही म्हणालात, "वाजून राहिलं म्हणून बरोबर असते काय?" एका सकाळपुरतं तसं घेतलं असतं तर काही बिघडलं नसतं, हे मला कळतं. तरी मी चोवीसाचे बारा करणारा कन्व्हर्टर लावला. भार दोन्हींवर सारखा आहे.

भोंगे टपावर, स्पीकरची पेटी हौद्यात, अॅम्प्लिफायर सीटच्या मागे. वायरी मेणाच्या दोऱ्यानं बांधल्या, तुमच्या पद्धतीनं. मेण मी आईच्या पळीतच वितळवलं. रविवारी तुम्ही स्वयंपाकघरात हेच करायचात आणि आई ओरडायची, "माझी पळी! उद्या वरणात मेण निघालं तर कारखान्यात पाठवीन डबा." तुम्ही म्हणायचात, "पाठव. तिथे चालते." काल तिनंच पळी पुसून माझ्या हातात दिली. डॅशबोर्ड उघडल्यावर मूळ वायरिंग दिसलं. प्रत्येक फिटर शेवटची गाठ आपल्या तऱ्हेची मारतो, असं तुम्ही सांगायचात. तुमची दुहेरी, आत वळवलेली. मी शेवटपर्यंत पाहिलं. गाठ तुमची नाही. काम चांगलं आहे.

मग आवाज पूर्ण सोडून पाहिला. आरसा थरथरला. हे त्याला कळवायला हवं होतं, म्हणून इथे लिहिते.

केबिनमध्ये डाव्या सीटखाली मी एक स्विच जास्तीचा घातला आहे. तो वायरिंगच्या नकाशात नाही, ठेकेदारांना माहीत नाही. बंद केला की सगळं गप्प होतं, माईकसुद्धा. शनिवारी ट्रक दाराशी लागला की मी तो बंद करू शकते आणि वळणानंतर परत चालू करू शकते. आईला शांतता मिळेल, पुढे धाकट्याला त्याचा आवाज मिळेल. हिशेब बरोबर बसतो. अडचण एकच आहे. ते धावत येतील आणि विचारतील, क्या हुआ? तेव्हा मला म्हणावं लागेल, फ्यूज उडाला.

तुम्हाला आठवत असेल. मी सातवीत असताना धाकटा रेडिओ मोठ्यानं लावायचा, म्हणून मी घराचा फ्यूज काढून ठेवला आणि उडाला म्हणून सांगितलं. तुम्ही तो शोधून आणलात, स्वयंपाकघरात कंदिलाखाली माझ्या तळहातावर ठेवलात. तार सलग होती. "हा उडालेला आहे काय?" तुम्ही ओरडला नाहीत. म्हणालात, "आवाज नको तर तोंडानं सांग. फ्यूजचं नाव काहून घेते? जे बिघडलं नाही त्याला बिघडलं म्हणायचं नाही." त्यानंतर मी कधी म्हटलं नाही. दुकानात गिऱ्हाइकाला नाही, मालकाला नाही. याच एका गोष्टीवर लोक माझ्याकडे येतात.

पण आता माझं तोंडानं सांगून झालं आहे, बाबा. मी ठेकेदारांना सांगितलं, आईनं त्या दिवशी ड्रायव्हरला सांगितलं होतं. दोन्ही वेळा कोणाला ऐकू गेलं नाही.

आणखी एक आहे, तेही लिहिते. ठेकेदारांना मी हो म्हटलं ते त्यांच्यासाठी नाही, आणि खरं म्हणजे धाकट्यासाठीही नाही. बायांना घाटावर नेत नाहीत. पण सिस्टीम सांभाळणारा माणूस ट्रकमध्ये शेवटपर्यंत लागतो, आणि ही सिस्टीम मीच जाणते. दुसऱ्या कोणाला ती चालवता येणार नाही, अशी मी ती बसवली आहे. कोणाच्या लक्षात आलेलं नाही. तुमच्या वेळी मी उंबऱ्याशी होते. या वेळी मी पुढच्या ट्रकमध्ये असेन. आई एकटी दारात राहील, हे मला दिसत होतं. तरी हो म्हटलं.

दुपार आहे. केबिनमध्येच बसून लिहिते आहे, पत्रा तापला आहे. डेक खाचेत थोडा सैल बसतो, रस्त्यावर खडखडेल. या कागदाची घडी तिथे बरोबर बसेल.

स्विच लावलेला आहे, फ्यूज शाबूत आहे. मी काय म्हणू, ते शनिवारी सकाळी ट्रक दाराशी लागायच्या आधी कळवा.