ओके म्हणणारी डबी

दि. ४ मार्च

नाटकवाल्यांचा रेशमी अंगरखा तुझ्या डबीनं ड्रायरमध्ये भाजून काढला. राजा अंगात घालायचा तो. आता राजाच्या नातवालाही काखेत काचेल. तुझा बाप तोंड फुगवून बसलाय आणि शिव्या मी खातेय. त्याही धड नाहीत, पाठ केल्यासारख्या देतात मेले.

चि. खुडबुडीस अनेक आशीर्वाद. तुझा फोन बाप उचलत नाही आणि मला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून लिहितेय.

ड्रायरची आच सांभाळायला तू भिंतीवर लावलीस ती डबी काडेपेटीएवढी, पण ऐट विहिणीची. नव्या मेकॅनिकनं लॅपटॉप जोडून पाहिलं आणि हात झटकले. म्हणाला, ही फोर्थ नावाची कॉम्प्युटरची भाषा आहे, हल्ली हिला कुणी विचारत नाही. फोर्थ म्हणजे चौथी, एवढं इंग्रजी मला येतं. म्हणजे डबी माझ्याइतकीच शिकलेली. पण मी कुणाचे अंगरखे भाजले नाहीत.

आणि तिचं ते बोलणं! तिला जोडलेल्या की-बोर्डवर काही सांगा, पडद्यावर 'ओके'. तापव म्हणा, ओके. विझव म्हणा, ओके. घरात असा एक आधीच आहे. मीच जन्म दिलाय त्याला.

आता मुद्द्याचं. बाप डबी उपटून बाजारची बसवणार म्हणतो. आणि तू नोकरी सोडून आपली लॉन्ड्री सांभाळायला यायचं ठरलं होतं, तेही आता नको म्हणतो. हे तुला सांगायची त्याची छाती नाही.

लोभ आहेच, वाढवण्यासारखं सध्या काही दिसत नाही.

आजी

दि. ९ मार्च

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले. शेवटापर्यंत आले आणि हसू गेलं.

ती भाषा मी मिरवायला घेतली नाही गं. डबीत जागा फार थोडी, आणि ही भाषा थोडक्यात भागवते. शिवाय काम चालू असताना तिला नवे शब्द शिकवता येतात. म्हणून मी आपलेच शब्द इंग्रजी अक्षरांत शिकवले. 'गरम' म्हणजे इतकी आच. 'वाळव' म्हणजे ड्रम फिरव, 'गरम' कर, मग गार होऊ दे. बाबांना हवा तो बदल स्वतः करता यावा, एवढाच हेतू.

त्यांना एकदा विचार, रेशमासाठी त्यांनी 'गरम' नव्यानं शिकवलं का, कमी आचेचं? तसं केलं तर डबी ओके म्हणते, आणि नुसतं 'गरम' सांगितलं तर मंदच तापते. पण 'वाळव' ती आधी शिकलीय, ते जुनंच 'गरम' धरून चालतं. त्यालाही पुन्हा शिकवावं लागतं.

राजीनामा लिहून टेबलाच्या खणात ठेवलाय. जाणार की राहणार, साहेब रोज विचारतात, मी रोज टाळते. मला यायचंय, आजी. यावं की नको, एवढं कुणीतरी सांगा.

तुझा लोभ त्या अंगरख्यासारखा आटू देऊ नकोस.

तुझी
खुडबुडी

दि. १४ मार्च

चि. खुडबुडीस आशीर्वाद. तुझ्या बापाला नाहीत.

विचारलं त्याला. आधी म्हणाला, मी हातच लावला नाही. मग म्हणाला, लावला असेल. मग रिकाम्या टेबलावर इस्त्री फिरवत राहिला. 'गरम' त्यानंच बदललं. डबी ओके म्हणाली, हा खूश झाला, अंगरखा आत टाकून 'वाळव' सांगितलं आणि बाहेर गप्पा मारायला गेला. भाजल्यावर मात्र नाव तुझं.

तुझीही पाठ थोपटत नाही. बाप एक शब्द बदलेल आणि बाकी सगळं आपोआप बदललं असं धरून चालेल, हे तुला कळू नये? बाप काय काल भेटला तुला? तोही त्या डबीसारखाच. गेल्या वर्षी सगळ्यांसमोर म्हणाला, लॉन्ड्री पोरीनंच चालवायची. ओके! आणि पहिलं कापड भाजल्याबरोबर, पोरींचं काम नव्हे हे, असं जुनंच तोंडातून आलं. नवं शिकला, पण आतलं कुणी बदललंच नाही.

मेकॅनिकला मी दारातूनच वाटेला लावला. डबी भिंतीवर आहे. नाटकवाल्यांकडे बापाला घेऊन गेले. मी मागे उभी होते, म्हणून अडखळत का होईना, चूक माझी असं म्हणाला. त्यांनी तेवढ्यावरच हात जोडून अंगरखा परत घेतला. नाटकवालेच ते.

लोभ ठेवते, पण दोघांवर नजरही ठेवते.

आजी

ता. क. या पत्राला तू उत्तर द्यायचं नाहीस. तू फार लिहितेस. राजीनामा खणातच राहू दे. उत्तर तुझ्या बापानं द्यायचं, स्वतःच्या हातानं: 'गरम' कुणी बदललं, आणि लेकीनं यावं की नाही. पाकीट न चिकटवता त्याच्याच हातात देतेय, खालच्या रिकाम्या जागेत लिहायला. वाचतोयस ना रे? ओके लिहून भागणार नाही. पूर्ण वाक्य लिही.