वाटीतलं पिवळं दूध

१४ ऑगस्ट २०१२, गोंदिया

बाळाचं पोट आज ताठ, चकाकणारं झालंय. सातव्याच महिन्यात आला, त्यामुळे आतडी कच्ची. डॉक्टर म्हणाले, आतड्यांना सूज आली आहे, एक तुकडा काळा पडून राहिला. नाकातून पोटात घातलेल्या नळीतून हिरवं पाणी येतं. नागपूरला हलवण्याइतकाही जीव त्याच्यात नाही.

मी विचारलं, असं काऊन झालं? म्हणाले, लवकर जन्मलेल्यांना होतं, नेमकं एक कारण सांगता येत नाही. आईच्या दुधानं धोका कमी होतो, एवढंच.

आईचं दूध. पहिले तीन दिवस मी वाटीत पिळलं, पिवळं, घट्ट. माझी आई म्हणाली, "हे जड रायते बाई, एवढासा पोरगा कसा पचवन?" रोज वाटी नेऊन तिनं मोगऱ्याच्या बुडाशी ओतली. ते तीन दिवस बाळाला डब्याचं गेलं. आणि मी गप्प बसली. शाळेत विज्ञान शिकवते मी!

आता त्याला तोंडानं थेंबही द्यायचा नाही. छाती मात्र दगड झाली, म्हणून संध्याकाळी पुन्हा वाटी भरली. आईनं आज हात पुढे केला नाही. दारातूनच विचारलं, "याचं काय करू वं?"