पंचमीच्या बागेत फिरलेले कोळपे

मी, अंबादास नरहर पाठक, वय सहासष्ट, तहसिलीतला निवृत्त कारकून, राहणार बेंबळी, तालुका व जिल्हा उस्मानाबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नाही. कोणाची जबरदस्ती नाही, कोणी फूस लावलेली नाही. निजामाच्या अमलात असले दस्तऐवज मी शेकड्यांनी नकलून काढले, तेव्हा त्यात काय लिहितात हे मला पाठ आहे. काय लिहायचे टाळतात, तेही.

कलम १. राहते घर व त्यातील भांडीकुंडी चिरंजीव वसंत, नोकरीनिमित्त राहणार सोलापूर, याला द्यावीत. पोस्टातले पुस्तक नात नीला हिच्या शिक्षणासाठी. माझी नवी छत्री मात्र शेजारच्या तात्यांच्या हाती लागू देऊ नये. आधीची त्यांनी पोळ्याला नेली, ती अजून त्यांच्याच खुंटीला आहे.

कलम २. घरामागची पाच गुंठे परसबाग घरात धरू नये. तिथे भाड्याच्या खोल्या काढायचा वसंताचा विचार आहे, तो त्याने सोडून द्यावा. ही बाग माझी बहीण शारदा, वय अठ्ठावन्न, हल्ली राहणार अणदूर, हिची आहे. मी तिला ती देत आहे असे कोणी म्हणू नये. सव्विसाव्या वर्षी कपाळ पांढरे होऊन ती माझ्या दारी आली, तेव्हा मागे नुसता उकिरडा होता. तो उपसून तिने भेंडी, दोडका, अळू, अंबाडी लावली. दप्तरात नाव माझे लागले, कारण दप्तर लिहायला मी होतो.

आमचे पटत नव्हते ते फक्त तणावरून. माझ्या मते ओळीबाहेर जे उगवते ते तण. तिच्या मते चिवळ, घोळ, पाथरी, तांदुळजा ही देवाने पेरलेली भाजी. मी उपटायचो, ती माझ्यामागून वेचून परडीत घालायची आणि संध्याकाळी तेच मला वाढायची. मी मुकाट्याने दोनदा मागून घ्यायचो.

सुनेच्या माहेरी पाळत नाहीत, म्हणून पुढचे सविस्तर लिहितो. ऋषिपंचमीला बायका बैलाच्या कष्टाचे काही खात नाहीत. हाताने खणलेल्या, हाताने खुरपलेल्या जमिनीतलेच चालते. शारदाच्या बागेत कधी बैल शिरला नव्हता, म्हणून आळीतल्या पाच जणी दरसाल पंचमीची भाजी तिच्याकडे जेवत. विधवेच्या हातचे कोणी मानाने मागून खावे, असा तिचा वर्षातला तो एक दिवस होता.

सन १९५७ च्या श्रावणात आठ दिवस झड लागली. शारदा तुळजापूरला भाचीच्या बाळंतपणात गुंतली होती. पाऊस उघडला तर बागेत तण गुडघ्याला लागले, ओळी दिसेनात. मला ते बघवेना. शेजारचा शेतकरी कोंडीराम याला मी बैल आणि कोळपे घेऊन बोलावले. तो कुंपणाशीच थांबला. म्हणाला, "मालक, बाईंला इचारलं का? पंचमी तोंडावर आली की."

मी म्हणालो, "बाईंना काय कळतंय? घाल आत."

दुपारपर्यंत बाग वहीच्या पानासारखी स्वच्छ झाली.

चार दिवसांनी शारदा आली. दारातच थबकली, डोळे भरून आले तिचे. "दादा, एवढं सगळं तुम्ही हातानं खुरपलंत? माझ्यासाठी?"

मी हो म्हणालो. आयुष्यात वाईट कामे पुष्कळ केली असतील, पण एवढ्या थोडक्यात कुठलेच केले नाही.

पंचमीला पाच जणी जेवल्या. दादा माझ्यासाठी चिखलात बसले, असे ती प्रत्येकीला सांगत होती आणि मी पडवीत पेपर वाचत होतो. पुढच्या आठवड्यात कोंडीराम मागच्या दाराशी आला. "बाई, बैलाचं दावं हितंच ऱ्हायलं का?"

शारदा माझ्यावर ओरडली नाही. एवढेच म्हणाली, "मी उपाशी राहिले असते, दादा. त्या पाच जणी माझ्या शब्दावर जेवल्या." तेव्हा तरी मी गप्प बसायचे. पण चोरी पकडली गेल्याचा राग फार वाईट. मी म्हणालो, "बाग माझ्या नावावर आहे. बैल घालीन नाही तर हत्ती." दुसऱ्या दिवशी ती अणदूरला पुतण्याकडे गेली. आज तिथे दुसऱ्याच्या ओसरीत एका वळकटीपुरती जागा तिला आहे.

मी एकदा अणदूरला गेलो. खंडोबाचे दर्शन घेतले, तिच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो आणि परतीच्या मोटारीत बसलो. मला लाज वाटते.

त्यानंतर चार पावसाळे बाग मी हाताने खुरपली. कोणते तण आणि कोणती भाजी, हे साठीनंतर शिकलो. औंदा खाली बसता येत नाही. झड परवा उघडली, चिवळ पायवाटेवर आली आहे, आणि मी खिडकीतून बघतो.

कलम ३. या बागेत बैल घालू नये. शारदा परत आली नाही तरी बाग तिचीच राहील. तिच्यावाचून कोणी तण काढू नये. जे उगवेल ते तिचे.

कलम ४. हे मृत्युपत्र माझ्या मागे त्या पाच जणींना वाचून दाखवावे, असे मी आधी लिहिले होते. मग ध्यानात आले की तोंड चुकवायची ही माझी जुनीच खोड आहे. ते वाक्य खोडले आणि काल त्यांना बोलावले. तिघी आल्या. विमलबाई आणि कोंडाबाई वारल्या, त्यांना सांगायचे राहिले.

मी कलम २ वाचले. थोरल्या कमलबाई म्हणाल्या, "जायच्या आदल्या दिशी शारदाबाई घरोघर आली व्हती. म्हणाली, बैल फिरल्याचं मलाच ध्यानात न्हाय ऱ्हायलं, चूक माझी. आमी तिला लई बोललो. पानी बी न्हाय इचारलं. तुमचं नावसुद्धा तिनं घेतलं न्हाय."

हे मला काल कळले. उद्याच्या पहिल्या मोटारीने मी अणदूरला जात आहे. कमलबाई सोबत येते म्हणाल्या.

वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवला व त्यांच्यासमोर सही केली.

(सही) अंबादास नरहर पाठक

साक्षीदार:
१. गुंडप्पा शिवप्पा वाले, किराणा दुकानदार, बेंबळी (सही)
२. धोंडीबा सटवाजी गावडे, शेती, बेंबळी (निशाणी डावा अंगठा)

मुक्काम बेंबळी, ता. २० ऑगस्ट १९६२