तिसरी वाट

११ नोव्हेंबर २०२४
पोचलो एकदाचा कळंबला. कर्जतहून विलासशेठच्या टेंपोत, नव्या गाद्यांच्या गठ्ठ्यावर बसून, राजेशाही प्रवास! शेठच्या रिसॉर्टमागच्या डोंगरावर पाहुण्यांसाठी तीन वाटा निवडायच्या आहेत. पांढरे बाण सोप्या वाटेला, पिवळे दमवणाऱ्या वाटेला, लाल कड्यालगतच्या कठीण वाटेला. अम्मी गेल्यापासून श्रीवर्धनचं घर खायला उठायचं. इथे खोलीच्या खिडकीतून अख्खा डोंगर दिसतो. स्वयंपाकाच्या मोतीबाईंनी तांदळाची भाकरी वाढली आणि म्हणाल्या, “पोटभर जेव रं फुरकान, सकाळी चढायचं हाय.”

१२ नोव्हेंबर
सोपी वाट ठरली. सागाच्या रानातून झऱ्यापर्यंत. म्हाताऱ्यांनाही जमेल. दिवसभरात एका शेळीशी तेवढं बोललो.

१३ नोव्हेंबर
पिवळी वाट खिंडीपर्यंत नेली. समोरच्या डोंगराच्या सोंडेवर एक माणूस दिसला, पांढऱ्या शर्टातला. मी थांबलो की तोही थांबे. हात केला, त्यानंही केला. बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

१४ नोव्हेंबर
लाल बाण रंगवत माथ्यापर्यंत गेलो. वाट अवघड आहे. दोन ठिकाणी कातळाला बिलगून जावं लागतं. माथ्यावरून कालची सोंड नीट पाहिली. तिथे वाटच नाही. सरळ तुटलेला कडा, पाऊल टेकायलाही जागा नाही. मग तो उभा होता कशावर?

१५ नोव्हेंबर
मोतीबाईंनी विचारलं, सोबती जेवायला का नाही आला. मी म्हटलं, मी एकटाच असतो. त्या हसल्या. “तुझ्या मागनंच तर उतरला. चालतो पन तुझ्यावानीच.”
लाल वाट नको, असं विलासशेठना सांगितलं. ते म्हणाले, रविवारची माणसं तिच्यासाठीच येतायत.

१६ नोव्हेंबर
वर गेलो नाही. तो सागाच्या रानाच्या कडेला आला. भर दुपारी. चेहरा अजून दिसत नाही. आजही हात आधी मीच केला — का केला?

१७ नोव्हेंबर, सकाळ
पाहुण्यांना सोप्या वाटेनेच आणलं. झऱ्यापाशी पाहिलं तर पाहुण्यांतली समीक्षा नाही. तिचा भाऊ साईनाथ म्हणाला, “तुमचा दुसरा गाईड घेऊन गेला की तिला. लाल बाणांनी.”
माझ्याबरोबर दुसरा कुणी नाही. साईनाथला सगळ्यांना घेऊन खाली जायला सांगितलं. मी वर निघालो —

दुपार, माथा
सापडली. कड्याच्या टोकावर, एक पाय हवेत. दंड धरून मागे ओढली. रडत म्हणाली, “तुम्हीच तर पुढून बोलवत होतात. इकडून सोपं आहे म्हणालात.”
तो तिच्या पलीकडे होता. हवेत. तिच्याकडे बघत.
मी त्याला सलाम केला. तो माझ्याकडे वळला. मी बोलत राहिलो तोवर हलला नाही. तिला खुणेनं सांगितलं — उतर, मागे बघू नकोस.
ती गेली. मी बोलतोय. लिहितोय आणि बोलतोय. गप्प झालो की तो उताराकडे मान वळवतो —

खाली माणसं दिसतात, मुंग्यांएवढी. साईनाथनं तिला धरलंय बहुतेक. हो. पोचली.

आता थांबायला हवं. उठायला हवं. पण अम्मीचं सांगत होतो, शेवटचे दिवस — कुणी विचारलंच नव्हतं. तो ऐकतोय. सगळं ऐकतोय.

जवळ आलाय. म्हणतो, पुढे वाट आहे. आवाज माझाच. मी म्हटलं, पुढे कडा —

नाही. वाट दिसतेय. चांगली रुंद. दोघं सहज —