नॉबभोवतीची पट्टी

परळ,
मंगळवार, २६ नोव्हेंबर २०२४

प्रिय आकांक्षा,

आशीर्वाद. तू, लक्ष्मीवहिनी आणि आनंदा ठीक असाल असं धरून चालतो. मी ठीक. गुडघे त्यांच्या मर्जीने चालतात आणि कानांनी वरच्या पट्टीतलं ऐकणं सोडून दिलंय. साउंड रेकॉर्डिस्टने हे कुणाला सांगू नये, पण आता गिऱ्हाईकच उरलं नाही तर लपवायचं कुणापासून?

तीन आठवड्यांपूर्वी तू व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजाच्या तीन कॉम्प्रेसर मशीनचे फोटो पाठवलेस आणि विचारलंस, "काका, यातला कोणता घेऊ?" खाली आणखी एक ओळ होती: "बाबांचं मशीनशिवायचं काही रेकॉर्डिंग आहे का? त्यांनी पाटीवर लिहून विचारलंय. त्यांना स्वतःचा आवाज ऐकायचाय." निळ्या टिक बघून तुला वाटलं असेल, म्हातारा भाव खातोय. तसं नाही गं. चार वेळा टाइप केलं आणि चारही वेळा पुसलं. शेवटी कागद घेतला. कागदावर खोडलेलं निदान दिसतं.

आधी तुझ्या पहिल्या प्रश्नाचं बघू, ते सोपं आहे.

तो नऊ नॉबवाला नको. फार चपळ मशीन आहे, ढोलकी-ताशाच्या धक्क्यांना बरं. तू आणि सॅशा भागीदारीत माहीमच्या त्या खोलीत स्टुडिओ काढणार, माणसांचे आवाज घेणार, पुस्तकं वाचून घेणार, कधीतरी एखादं गाणं. त्याला एवढी घाई लागत नाही. दुसरा जुन्या रेडिओसारखा व्हॉल्व्हचा, दिसायला राजबिंडा, पण तापतो किती! रेकॉर्डिंग करताना तुम्ही एसी बंद ठेवणार, म्हणजे अर्ध्या तासात गाणारा आणि मशीन दोघंही घामाघूम. तिसरा चांगला आहे, पण तोही घेऊ नकोस. माझा मी तुला पाठवतोय.

स्टुडिओ डिसेंबरअखेर बंद होतोय. इमारत पाडणार आहेत. सगळ्यांनी सह्या केल्या, मीही केली. शेजारचा प्रेसवाला अभय म्हणाला, "जयवंतशेठ, तुम्ही तरी भांडायचं होतं." भांडायला दम लागतो आणि तो माझ्याकडे नाही. सत्तावीस वर्षं खिडकी नसलेल्या खोलीत बसलो. आता दुपारी कुठेतरी उजेडात बसून चहा प्यावा, एवढंच वाटतं.

मशीन आमच्या कायतान मेकॅनिकने बांधलेलं आहे, माहीमला त्याच्या घरी, ९९ साली. तेव्हा मला बाहेरचं परवडत नव्हतं. "जयवंत, गरीब मशीन हाय, पन कामाला वाघ," असं म्हणत त्याने ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि पंचवीस वर्षांत दोनदाच उघडलं. आत एक छोटा दिवा आहे. आवाज मोठा झाला की दिवा उजळतो आणि दिवा उजळला की आवाज खाली धरला जातो. कुणीतरी व्हॉल्यूमवर हात ठेवून बसल्यासारखं. मोठं आलं की दाबायचं, मग सगळंच थोडं वर घ्यायचं, म्हणजे हळू असलेलंही कानाशी येतं. बाकी कॉम्प्रेसर म्हणजे काही जादू नाही.

नॉब दोनच. डावा किती दाबायचं त्याचा, उजवा किती वर घ्यायचं त्याचा. डावा जितका डावीकडे नेशील तितकं मशीन जास्त दाबणार. मधे सुई, किती दाबलं जातंय ते दाखवणारी. चांगला गाणारा असेल तर सुई दोन-तीनपर्यंत झुकते आणि परत येते. पाचच्या पुढे जायला लागली तर नॉबला हात लावू नकोस. दार उघड, आत जा आणि त्या माणसाला विचार, काय होतंय तुला. हे वहीत लिहून ठेव. मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. कायतानने सांगितलं होतं.

आणखी एक. मी आयुष्यभर मशीन लावूनच रेकॉर्ड केलं. "आपण घेतानाच पक्कं घेतो," अशी ऐट होती. तू तसं करू नकोस. आधी कोरडा आवाज घे, मशीन नंतर लाव. एकदा दाबून घेतलेला आवाज कोणाच्या बापाला सुटा करता येत नाही.

उजव्या नॉबखाली कुंकवाचा डाग आहे. दर दसऱ्याला मशीनची पूजा तुझे बाबाच करायचे, मला फक्त नारळ आणायला लावायचे. तो डाग पुसू नकोस. आणि डाव्या नॉबभोवती पांढरी चिकटपट्टी आहे, तिच्यावर पेन्सिलीच्या खुणा आहेत. त्यांचं पुढे लिहितो. जेवणाची वेळ झाली.

गुरुवार

मंगळवारी जेवून परत बसलो नाही. कालही नाही. आज सकाळी कायतान मशीन तुझ्याकडे न्यायला आला, त्याला रिकाम्या हाताने परत पाठवलं. त्याने खोक्याकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं आणि म्हणाला, "काढून टाक ना ती. पोरीला कशाला?" मी म्हटलं, नाही. तर म्हणाला, "मग लिही लवकर. मी शनवारी येतो."

तुझ्या कॉम्प्युटरमधला कॉम्प्रेसर सगळं लक्षात ठेवतो. या मशीनला स्मरणशक्ती नाही. म्हणून कोणाच्या आवाजाला नॉब कुठे ठेवायचा, त्याची आम्ही पट्टीवर खूण करायचो. "आ" म्हणजे आनंदा, तुझे बाबा. पट्टी बारा वर्षं जुनी आहे. त्यातली दहा वर्षं "आ" एकाच जागी होता, वर मधोमध. पेन्सिल गिरवून गिरवून तिथे खड्डा पडलाय. लालबागच्या भजनी मंडळांतले माझ्याकडे पन्नासेक बुवा येऊन गेले असतील. नॉब न हलवता तीन तास घेता येईल असा आवाज एकाचाच.

आता पट्टी नीट बघ. मधल्या "आ"च्या डावीकडे आणखी तीन "आ" आहेत. खाली बारीक अक्षरात महिने लिहिलेत. एप्रिल, जून, जुलै. साल २०२२.

त्याच्या भजनी मंडळाच्या पंचविसाव्या वर्षाचा अल्बम गणपतीआधी यायचा होता. एप्रिलमध्ये आनंदाचा आवाज एखाद्या ओळीत दबायचा, पुढच्या ओळीत एकदम फुटायचा. सुई सहावर. मी नॉब थोडा डावीकडे नेला. आवाज सपाट झाला, गाण्यात छान बसला. जूनमध्ये खरखर आली, सुई आठवर. जुलैत बाराला टेकायला लागली, वरचा सा लागताना आवाज मधेच तुटायचा. मी नॉब आणखी नेला, तुटलेल्या जागा आधीच्या टेकमधून आणून जोडल्या. हे मला करता येतं. या एका कामात माझा हात धरणारा परळ-दादरला कोणी नव्हता.

मला कळलं होतं, आकांक्षा. हा आवाज नुसता बसलेला नाही, याला काहीतरी झालंय, हे मला जूनमध्येच कळलं होतं. तेव्हा कान शाबूत होते.

प्रत्येक टेकनंतर तो काचेतून बघायचा. "जयवंता, कसो लागलो रे आवाज? तूच सांग. तुझो कान माका फसवूचो नाय." आणि मी काचेपलीकडे बोलायचं टॉकबॅकचं बटण दाबून म्हणायचो, "एक नंबर, बुवा."

का म्हणालो, याचं उत्तर अडीच वर्षं शोधतोय. अल्बम अडला असता म्हणून? थोडं ते. त्याचा चेहरा पडला असता म्हणून? तेही. पण जास्त हे, की मला वाटलं, मी सांभाळून घेतोय. मित्राचा आवाज पडतोय आणि मी तो कुणाला कळू देत नाही, याचा मला अभिमान वाटत होता. शाळेपासूनचा मित्र. मुका राहायचा गाढवपणा मी केला आणि आयुष्यभराचं मुकेपण त्याच्या वाट्याला आलं.

पुढचं तूच मला सांगितलंस. जानेवारीत ऑपरेशनच्या दिवशी मी तुला वॉर्डाखालच्या कँटीनमध्ये भेटलो, आठवतं? तू म्हणालीस, "आई ऑगस्टपासून मागे लागली होती, घसा दाखवून या म्हणून. बाबांनी फोनवर तुमचा अल्बम लावला आणि म्हणाले, ह्यो काय बसलेलो आवाज? आयक. आई तरी काय बोलणार?" आणि तू रडता रडता हसलीस. मग म्हणालीस, "डॉक्टर म्हणतात, सहा महिने आधी आले असते तर स्वरयंत्र काढावं लागलं नसतं."

सहा महिने आधी म्हणजे जुलै.

मी तुला चहा घेऊन दिला आणि निघालो. वर गेलो नाही. त्यानंतर तुमच्या घरी आलो नाही, त्याचं कारण पाठदुखी नाही. तू फोन केलास की मी दर वेळी पाठ पुढे केली. हॉस्पिटलपासून स्टुडिओ चालत दहा मिनिटांवर, तुमचं घर पंधरा मिनिटांवर. दोन वर्षं मी लालबागला जाताना तुमच्या घराच्या पलीकडच्या फुटपाथने जातो.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. अल्बममधला कोरडा आवाज नाही, सगळा दाबून घेतलेला आहे. पण एक तुकडा आहे. जुलैत शेवटच्या दिवशी एक वायर खरखरत होती म्हणून मी मशीन बायपास केलं होतं, म्हणजे आवाज मशीनला वळसा घालून सरळ आत येत होता. रेकॉर्डिंग चालू होतं. आनंदा आत एकटाच, घसा मोकळा करायला गजर म्हणत होता. चाळीस सेकंद. पेनड्राइव्ह मशीनच्या खोक्यातच आहे, त्यात एकच फाइल आहे. मी ती आजवर एकदाच ऐकली.

तू दोनदा ऐक. पहिल्यांदा मशीन न लावता. तो तुझ्या बाबांचा खरा आवाज, त्या दिवशी होता तसा. वर चढताना तुटतो. तुटल्यावर थांबतो, पुन्हा तिथूनच धरतो, पुन्हा तुटतो. दमलेला आहे, पण त्याचा आहे. त्यांना हवा असलेला हाच.

मग मशीन लाव आणि डावा नॉब जुलैच्या "आ"वर ठेव, उजवा वर घे. गाणं संपल्यावर बाबा "कसो लागलो?" विचारतात, तिथून पुढे ऐक. हेडफोनची एक बाजू ते नेहमी कानावरून मागे सरकवायचे, स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून. त्या मोकळ्या बाजूतून माझं बोलणं माइकमध्ये शिरलंय. मशीनशिवाय ते ऐकूच येत नाही. मशीन लावलं की बाबांचा आवाज गुळगुळीत होतो आणि मागून माझा वर येतो. तेच दोन शब्द आणि बुवा.

बाबांना काय ऐकवायचं, ते तू आणि वहिनी ठरवा. दुसरं ऐकवलंत, तर पाटी त्यांच्या हातात द्या आणि जे लिहितील त्याचा फोटो मला पाठवा. शिवी असली तरी पाठवा. मालवणीत असेल तर बरंच. त्यांनी "ये" लिहिलं, तर मी त्याच दिवशी येईन, अलीकडच्या फुटपाथने.

वर सवयीने आशीर्वाद लिहून बसलोय. तो ठेवायचा की नाही, हे सगळं ऐकून झाल्यावर ठरव.

जयवंत