‘एका नागरिका’चं पुस्तक

२ जून १८२८
नाही घेतलं माझं पुस्तक! शाळा समितीचे प्रमुख, चर्चचे डीकन टटल हस्तलिखित परत देत म्हणाले, “बाई, राज्यकारभाराची प्रश्नोत्तरं तुम्ही कशाला लिहिता? मत तरी देता येतं का तुम्हाला?” त्याऐवजी बॉस्टनहून छापील पुस्तक आणलंय. लेखकाचं नाव नाही, नुसतं ‘एक नागरिक’. आणि ते शिकवायचं मी!

४ जून
निम्मं वाचलं. चांगलं आहे. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

९ जून
या आठवड्यात मास्तरणीला ठेवून घ्यायची पाळी पीबडींची. इथेही तोच ‘नागरिक’! मक्याच्या भाकरीवर काकवी घालताना घरधनीण प्रुडन्स म्हणाली, “बाई, काय छान विचारतो हो तुमचा नागरिक! आमची लोइस भांडी घासताना घोकत असते.” माझे प्रश्न आले की हीच कार्टी जांभया द्यायची!
मला तो डोळ्यांसमोर दिसतो — गुबगुबीत, बायको चहा आणून देतेय, पोरं दाराबाहेर चिडीचूप. त्याला काय जातंय लिहायला? मी लिहिलं ते दर आठवड्याला नव्या घरात, दुसऱ्यांच्या लेकींमध्ये अंग चोरून झोपत.

२० जून
आज त्याची खोड मोडायची ठरवलं. त्याचा प्रश्न : सरकार कोणाच्या संमतीने चालतं? लोइसने खडखडीत म्हटलं, “लोकांच्या.” मी मुद्दाम विचारलं, “लोक म्हणजे कोण?” ती घुटमळली. “आईला धरून?”
मुलगे खो खो हसले. मी पान उलटलं. पुढे पुस्तकातही हाच प्रश्न, आणि उत्तराची जागा कोरी! मेल्याला सुचलं, मला का नाही?

१० जुलै
उद्या समिती वर्ग तपासायला येणार. ‘नागरिक’ही येणार म्हणे! डीकनना आनंद मावत नाहीये. मी चार बोचरे प्रश्न काढून ठेवलेत.

११ जुलै
गाडीतून एक विधवा बाई उतरल्या. बुटांना चिखल. डीकन त्यांच्या मागे पाहत राहिले — साहेब कधी उतरतात म्हणून!
“मीच ती,” बाई म्हणाल्या.
डीकनचा चेहरा पाहून मला हसू फुटलं, पण क्षणभरच. मग नव्याने जळले. पुरुष असता तर निदान म्हणता आलं असतं, त्याला सगळं आयतं मिळालं.
जाताना मी माझं हस्तलिखित पुढे केलं, ते त्यांनी उभ्यानेच चाळलं. “स्वतःचं नाव कशाला घातलंस गं?” एवढंच म्हणाल्या.

१४ जुलै
समितीने ‘नागरिक’बाईंच्या पुस्तकाच्या सगळ्या प्रती उचलून नेल्या.
नेऊ देत. पोरांना पाठ आहे. आज सगळं म्हणून घेतलं आणि शेवटी माझे चार प्रश्न जोडले.